सर्व्हर डाऊन

दारव्ह्याच्या निबंधक कार्यालयात
दुपारी तीनला सर्व्हर गेला, तो आलाच नाही.
"आता उद्या," बाबू म्हणाला
आणि आम्हा तिघींचे अंगठे कोरडेच राहिले.
भावाला म्हशी दोहायच्या होत्या, तो गावी गेला.
जाताना सिंधूताईच्या हातात पाचशेच्या दोन नोटा.
"लॉजचे दिले मी. खाऊन घ्या काही चांगलं."

चाळीस वर्षांत आम्ही तिघी
एका टेबलाशी कधी बसलो नव्हतो.
लग्नात एक पंगतीत, तर दोघी वाढायला.
तेरवीला तिघीही चुलीपाशी.

भुतड्याच्या पोरानं रुळांपलीकडे
नवं फॅमिली रेस्टॉरंट काढलंय.
गाडी बंद पडल्यापासून रुळांत बाभळी.
ओलांडताना वेणूच्या पदराला काटा लागला,
ती तिथेच थांबून
धागा न तुटू देता तो काढत बसली.
आम्ही घाई केली नाही.

आत काचेचं दार, गार हवा,
आणि कोपऱ्यात, पाण्याच्या जारशेजारी, पियानो.
"पेटी हाये का वं थे?" ताईनं हळूच विचारलं.
"पेटीची माय हाये," वेणू म्हणाली.

वेटरनं सांगितलं, मिशनच्या बंगल्यातला आहे,
ट्रॉलीत सरकीच्या पोत्यांवर बसवून आणला.
वाजवणारे आमोस मास्तर.
शाळेत चित्रकला शिकवायचे. स्वेटरवर टाय,
बोटं मात्र भुईमूग उपटणाऱ्याची.

ताईनं मेनू कार्ड उजवीकडून वाचलं,
आधी आकडे, मग नावं.
पनीर परवडेना म्हणून नाही,
पण शेवभाजीच मागवली, तीन वाट्या, आणि एक सोडा.
वेटर तिला मॅडम म्हणाला.
अंगणवाडीत तिला सगळे
"वो मदतनीस" म्हणतात.

सूर चालले होते. आमच्या ओळखीचं काही नव्हतं त्यात,
तरी वेणूचा घास मध्येच थांबला.
"आयक. एक जागी निसतं लाकूड वाजते."
मग मलाही ऐकू आलं.
सूर, सूर, सूर, टक.
सूर, टक.

ताई उठली. हात धुतले नव्हते,
उष्टा हात पाठीमागे धरून
ती मास्तरांपाशी जाऊन उभी राहिली.
काय बोलले ते पंख्यात विरलं.
परत आली, रोटीचा तुकडा मोडला,
बराच वेळ तसाच धरून बसली.

"उंदरानं खाल्लं म्हनते आतलं.
म्या म्हनलं, मंग थे सोडून वाजवा नं.
तर म्हनते, नाही बाई,
बोट तिथं ठेवाच लागते."

आम्ही जेवलो.

मग तीच म्हणाली,
"कागदात इहीर लिवली हाये का वं?"
कोणालाच माहीत नव्हतं.
सकाळपासून तो कागद माझ्या पिशवीत होता,
खाली सही कुठे करायची
तेवढ्या जागी पेन्सिलीची फुली.

वाट्या सरकवल्या. चष्मा एकच, माझा.
तिघींनी आळीपाळीनं तो घालून
गट नंबर एकशे बारा वाचला.
विहीर होती. सामाईक बांध होता.
आंबा होता, फळझाड एक, असा.
ज्याच्या फांदीवरून वेणू पडली होती
आणि आम्ही आईला दोन दिवस सांगितलं नव्हतं.
आमची नावं होती, सासरच्या आडनावांसकट,
आणि पुढे, स्वखुशीनं.

"स्वखुशीनं," वेणूनं पुन्हा वाचलं,
जसं मघाशी "मशरूम" वाचलं होतं.

कोपऱ्यावर रश्श्याचा डाग पडला, तर्रीचा, लाल.
"चालंन का हे असं?"
"बाबूले इचारू."

साडेनऊला मास्तरांनी झाकण लावलं,
वर मेणकापड घातलं, त्यावर फुलदाणी.
बिल सातशे वीस. ताईनं चाळीस वर ठेवले,
मग एक दहाची नोट उचलून परत घेतली.

रूळ ओलांडताना मोबाइलचा उजेड पुढे तिनंच धरला.
"उद्या सर्व्हर आला त?" मी विचारलं.
"येऊ दे," ताई म्हणाली.
"आपुन आधी पोहे खाऊ."